तारेला ताण हवा, पण किती?

बंगळुरूच्या मल्लेश्वरम भागातल्या एका मराठी घरात लाकडी कपाटावर एक गिटार पंधरा वर्षे पडून होती. काळ्या रेक्झिनच्या खोळीत, भिंतीकडे तोंड करून. ती घरातल्या धाकट्या मुलाची. तो कारखान्यात नोकरीला होता आणि रविवारी दुपारी ओट्यावर बसून वाजवायचा. ऐन उमेदीत तो आजारी पडला आणि गेला. त्यानंतर ती गिटार कोणी खाली काढली नाही, कोणाला देऊनही टाकली नाही. त्याची आई, म्हणजे आताची आजी, दर शनिवारी खुर्चीवर उभी राहून खोळीवरची धूळ तेवढी पुसत असे. बस्स.

घरात नात मोठी होत होती. दहावीला चांगले गुण मिळाले, पीयूसीचे पहिले वर्ष सुरू झाले आणि तिच्या दिवसाचे तुकडे झाले. पहाटे साडेपाचला इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा क्लास, मग कॉलेज, संध्याकाळी पुन्हा दुसरा क्लास, रविवारी चाचणी. तिच्या बाबांनी सगळे आखून दिले होते. त्यांचा जन्म कारखान्याच्या तपासणी खात्यात गेलेला. सुटा भाग हातात घ्यायचा, मोजायचा, मापात असेल तर पुढे पाठवायचा, नसेल तर बाजूला ठेवायचा. मुलीचे वेळापत्रकही त्यांनी तसेच मिनिटांत आखले होते.

एका रात्री अभ्यास करता करता पोरीचे लक्ष कपाटाकडे गेले. ती आजीच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"आजी, काकाची गिटार काढू का गं खाली?"

आजी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काढ. नुसतं पडून राहण्यापेक्षा वाजलेलं बरं."

गिटार निघाली. तारा नायलॉनच्या होत्या, जुन्या, पिवळट पडलेल्या. दुसऱ्याच दिवशी त्यातली एक तुटली. पोरीने खाऊच्या पैशांतून नव्या तारांचे पाकीट आणले, पण ते पोलादी तारांचे. मैत्रिणीच्या गिटारवर तशाच होत्या आणि त्यांचा आवाज कसा खणखणीत यायचा! तारा कशा चढवायच्या ते तिने फोनवर पाहिले आणि फोनवरच्याच ट्यूनरने सहाही तारा बरोबर स्वरात लावल्या. घर दणाणून गेले. पहिले तीन दिवस ती अभ्यासाच्या मधल्या दहा मिनिटांत वाजवत राहिली आणि खूश होती.

चौथ्या दिवशी शनिवार. आजीने सवयीप्रमाणे फडके घेतले आणि गिटार पुसायला लागली. पुसता पुसता थांबली.

"अगं, इथं माझं फडकं अडकतंय बघ."

गिटारच्या पोटावर, जिथे तारांची खालची टोके बांधतात, तिथे लाकडाची एक पट्टी चिकटवलेली असते. तंबोऱ्याला घोडी असते ना, तशीच ही गिटारची घोडी. तिची मागची कड पोटापासून सुटली होती. बाबांनी खिशातले एक व्हिजिटिंग कार्ड काढून फटीत सरकवून पाहिले. नखभर आत गेले. त्यांनी एक शब्द न बोलता खुंट्या हातात घेतल्या आणि एकेक तार थोडी थोडी करत सहाही सैल केल्या.

पोरीचा चेहरा उतरला. "बाबा, मोडली का मी काकाची गिटार?"

आजी फडक्याची घडी घालत राहिली. त्या घरात त्या क्षणी कोणीही काहीही बोलले असते तरी ते लागलेच असते. बाबा रागावतील असे सगळ्यांना वाटले होते. पण तपासणी खात्यातला माणूस आधी रागावत नाही, आधी मोजतो.

"मोडली की नाही ते नंतर पाहू," ते म्हणाले. "आधी तिच्यावर किती ओझं पडलं होतं ते तर काढू."

तारेचा ताण काढायला काही फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. कोणतीही तार छेडली की ती एका सेकंदात ठरावीक वेळा हलते. तिचा स्वर त्यावर ठरतो. आणि ते हलणे तीन गोष्टींवर अवलंबून असते. तार जितकी लांब तितका स्वर खाली. तार जितकी जड तितका स्वर खाली. आणि तार जितकी ताणलेली तितका स्वर वर. फ्रान्समधल्या मेर्सेन नावाच्या धर्मगुरूने १६३६ साली आपल्या ग्रंथात हे नियम मांडले. त्याच्याही आधी गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली यांनी तारांना वजने टांगून पाहिली होती. ते स्वतः ल्यूट वाजवणारे. तोपर्यंत लोक धरून चालले होते की वजन दुप्पट केले की स्वर एका सप्तकाने चढतो. त्यांनी टांगून पाहिले, तर त्याला दुप्पट नव्हे, चौपट वजन लागत होते.

म्हणजे चारपैकी तीन गोष्टी ठाऊक असल्या की चौथी सापडते. लांबी फूटपट्टीने मिळते, स्वर फोनवरचा ट्यूनर सांगतो. राहिले ते तारेचे वजन. पण अर्ध्या ग्रॅमचे वजन करायचे कशावर? स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमखाली बोलतच नाही.

"सोनाराकडे जाऊ या," आजीच म्हणाली. "गुंजभर सोन्याचा हिशेब करतात ते."

रविवारची चाचणी त्या दिवशी चुकली. बापलेक दोघे सकाळी आठव्या क्रॉसच्या बाजारात ओळखीच्या सोनाराकडे गेले. पोरीने सर्वांत बारीक पोलादी तार आणि तिच्याच जागेची जुनी नायलॉनची तार, दोन्हीचे नेमके ८० सेंटीमीटरचे तुकडे कापून नेले होते. सोनाराने आधी दोघांकडे पाहिले, मग हसत हसत तुकडे काट्यावर ठेवले. पोलाद ०.४६ ग्रॅम. नायलॉन ०.३४ ग्रॅम. म्हणजे मीटरभर तारेचे वजन अनुक्रमे ०.५७५ आणि ०.४२५ ग्रॅम.

घरी आल्यावर वहीचे कोरे पान निघाले. तार जेवढ्या भागात मोकळी हलते ती लांबी ६५ सेंटीमीटर. ही सर्वांत बारीक तार सेकंदाला सुमारे ३३० वेळा हलते. बाबांनी रीत सांगितली. लांबीची दुप्पट करायची, तिला ३३० ने गुणायचे, येईल त्याचा वर्ग करायचा आणि शेवटी मीटरभर तारेच्या वजनाने, ते किलोत मांडून, गुणायचे. १.३ गुणिले ३३० म्हणजे ४२९. त्याचा वर्ग १,८४,०४१. त्याला ०.०००५७५ ने गुणले तर आले १०५.८. हे झाले न्यूटनमध्ये. आपल्या रोजच्या किलोत आणायचे तर ९.८ ने भागा. उत्तर आले पावणेअकरा किलोच्या आसपास.

पोरीने पेन्सिल खाली ठेवली. "एका तारेला? पावणेअकरा किलो?"

"सर्वांत बारीक तारेला."

नायलॉनचे उत्तर आठ किलो आले. तारांच्या पाकिटावर कारखानदार हा ताण पौंडात छापतात. तो किलोत आणून ताडून पाहिला तर पोलादाचा आकडा जवळजवळ जुळला, पण नायलॉनचा छापील आकडा सातच्या आसपास होता. कुठे चुकले? वजन करताना की गुणताना? बाबांनी नायलॉनचा उरलेला तुकडा दोन्ही हातांत धरून ओढला.

"बघ, हे ओढलं की लांबतं आणि बारीक होतं. आपण वजन केलं ते सैल असताना. वाद्यावर चढल्यावर तेवढ्याच लांबीत माल कमी बसतो, म्हणून ताणही कमी निघतो. पोलाद फारसं लांबत नाही, म्हणून तिथं हिशेब जुळला."

नायलॉनच्या नव्या तारा चढवल्यावर दोन-चार दिवस सारख्या उतरत राहतात आणि पुन्हा पुन्हा पिळाव्या लागतात, त्याचे कारण हेच. तार वाईट नसते, ती अजून लांबत असते.

मग बाकीच्या तारांचे आकडे पाकिटांवरून घेऊन बेरीज केली. नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण ४० किलोच्या जरा खाली. पोरीने आणलेल्या पोलादी सहा तारांचा मिळून ७४ किलोच्या घरात. घरातला भरलेला गॅस सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो. नायलॉनच्या तारा म्हणजे सव्वा सिलिंडर आणि पोलादाच्या म्हणजे जवळजवळ अडीच. तेही क्षणभर नव्हे. रात्रंदिवस, खोळीत असताना, कोणी वाजवत नसतानाही. आणि ही ओढ सोसते कोण? दोन-अडीच मिलिमीटर जाडीची लाकडाची एक पाटी.

आता कोणी म्हणेल, मग मैत्रिणीच्या गिटारला काही कसे होत नाही? तिच्याही तारा पोलादाच्याच. तर ती गिटार त्या ओझ्यासाठीच बनवलेली असते. तिच्या पोटाला आतून भक्कम पट्ट्यांची फुली मारलेली असते आणि मानेच्या आत लोखंडी सळई घातलेली असते. नायलॉनच्या गिटारचा वंश वेगळा. स्पेनमधल्या आंतोनियो दे तोरेस या कारागिराने एकोणिसाव्या शतकात तिला आजचे रूप दिले. तिची ६५ सेंटीमीटरची लांबीही त्याच्याच वाद्यांवरून रूढ झाली. तेव्हा तिच्यावर जनावरांच्या आतड्याच्या तारा असत. १९४० च्या दशकात नायलॉन आले आणि आतडे मागे पडले. पण वाद्य तेच हलके, तेच नाजूक राहिले. तिच्या पोटाला आतून पंख्यासारख्या बारीक पट्ट्या असतात आणि मानेत बहुधा सळई नसते. हलकी आहे म्हणून तर ती चाळीस किलोंत गाते. तिला जाड केली असती तर ती पोलाद सोसली असती, पण मग नायलॉनला तिने दाद दिली नसती.

बाहेरून पाहाल तर दोन्ही गिटार सारख्याच दिसतात. खुंट्या तशाच, तारा बसतातही तशाच, ट्यूनरचा हिरवा दिवाही तसाच लागतो. स्वर बरोबर आहे एवढेच ट्यूनर सांगतो. तो स्वर काढताना वाद्यावर काय बेतते आहे ते तो सांगत नाही.

पोरीला आता प्रश्नच प्रश्न सुचू लागले. जे पुस्तकात वाचून डोक्यावरून गेले होते ते समोर टेबलावर पडलेले होते.

"बाबा, सगळ्या तारा एकाच जाडीच्या का नाही घेत?"

"घेऊन बघ की. सर्वांत खालची तार बारीक तारेपेक्षा दोन सप्तकं खाली बोलते. एक सप्तक खाली म्हणजे ताण चौथाई, दोन सप्तकं म्हणजे सोळावा हिस्सा. पावणेअकराचा सोळावा भाग कर."

तिने केला. पाऊण किलोलाही कमी. एवढ्या ताणावर तार कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबकळेल. छेडली तर आवाज कसला, नुसती फडफड. म्हणून खालच्या स्वराची तार जड करतात, तिच्यावर दुसऱ्या बारीक तारेचे वेढे घालतात. जडपणामुळे ती सावकाश हलते आणि तरीही भरपूर ताणून धरता येते. सहा तारांचे सहा स्वर, पण ओढ मात्र प्रत्येकीची थोड्याफार फरकाने सारखीच. जिला खाली गायचे तिला सैल सोडत नाहीत, तिला वजन देतात.

"आणि बारीक तार लवकर तुटत असेल ना?"

इथे बाबाही क्षणभर अडखळले. मग त्यांनी कागदावर मांडून पाहिले आणि त्यांनाच गंमत वाटली. एकाच लांबीवर, एकाच स्वराला लावलेली तार बारीक असो वा जाड, तुटायच्या मर्यादेपासून ती सारख्याच अंतरावर असते. बारीक तारेत बळ कमी, पण तिच्यावर ताणही त्याच प्रमाणात कमी पडतो. जाडीत बळ जास्त, तसा ताणही जास्त. तार तुटते ती बारीक म्हणून नव्हे. ती तुटते तिच्या मापाच्या पलीकडे स्वर चढवत नेला म्हणून, नाही तर खुंटीपाशी किंवा घोडीपाशी ती झिजलेली असते म्हणून. नुसता अर्धा स्वर चढवला तरी ताण १२ टक्क्यांनी वाढतो, पूर्ण स्वर चढवला तर २६ टक्क्यांनी. कान म्हणतो, जरासेच तर वर नेले. लाकडाला मात्र ते 'जरासे' वाटत नाही.

संध्याकाळी दोघे पुन्हा बाहेर पडले. या वेळी खोळीतली गिटार बरोबर होती. वाद्ये दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे ती न्यायची होती. वाटेत बाबा म्हणाले, "याच मल्लेश्वरममध्ये 'पंचवटी' नावाचं एक घर आहे. कोणाचं, माहीत आहे?"

पोरीला माहीत नव्हते. ते घर सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे. रामन म्हटले की आपल्याला प्रकाशाचे विकिरण, २८ फेब्रुवारी १९२८ आणि १९३० चे नोबेल पारितोषिक आठवते. पण प्रकाशाकडे वळण्याआधी या माणसाने कितीतरी वर्षे तारांच्या मागे घालवली होती. १९०७ मध्ये ते कलकत्त्याला सरकारी हिशेब खात्यात अधिकारी म्हणून रुजू झाले. कचेरीच्या आधी आणि कचेरीनंतर ते इंडियन असोसिएशनच्या प्रयोगशाळेत जाऊन बसत आणि तिथे व्हायोलिनची तार गजाखाली नेमकी कशी हलते ते शोधत. १९१८ साली त्यांनी त्यावर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या पत्नी लोकसुंदरी वीणा वाजवत असत. घरातलेच वाद्य प्रयोगशाळेत गेले म्हणायला हरकत नाही, कारण १९२१ साली रामन यांनी वीणा आणि तंबोरा यांवर एक लेख लिहिला.

त्यात त्यांनी एक विलक्षण गोष्ट दाखवली. कोणत्याही तारेतून एकच स्वर येत नाही. मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाचे बारीक स्वर उमटत असतात. पाश्चात्त्य शास्त्राचा नियम असा होता की, तार जिथे छेडाल त्या जागी ज्या उपस्वरांना हलायला वावच नसतो, ते उपस्वर ऐकू येत नाहीत. तंबोऱ्याने हा नियम मोडला होता. त्यात जे यायला नकोत तेही उपस्वर भरभरून येत होते. का? रामन यांनी बोट ठेवले ते घोडीवर. गिटारची, व्हायोलिनची तार एका धारेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद आणि किंचित गोलावलेली असते. तार हलताना त्या गोलाईला टेकत, सुटत, पुन्हा टेकत राहते. त्यात तार आणि घोडी यांच्यामध्ये एक सुताचा दोरा सरकवलेला असतो. तो नेमक्या जागी आला की तंबोरा बोलू लागतो. ज्याला आपले गवई जवारी लागली म्हणतात, ती हीच.

१९३३ मध्ये रामन बंगळुरूला आले. टाटांच्या दानातून उभ्या राहिलेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे ते पहिले भारतीय संचालक. १९३४ साली त्यांनी इथेच इंडियन अॅकॅडमी ऑफ सायन्सेस स्थापन केली आणि त्याच सुमारास मृदंग-तबल्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. शाई लावून जड केलेल्या चामड्यातून सुरेल स्वर कसे निघतात त्याचा तो उलगडा होता. पुढे १९४८ साली त्यांनी या शहरातच स्वतःची संशोधन संस्था उभारली आणि २१ नोव्हेंबर १९७० रोजी इथेच देह ठेवला. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण त्याला आपल्या घरातल्या वाद्याकडे नुसते ऐकून समाधान झाले नाही. हे असे का वाजते, हा साधा प्रश्न त्याने विचारला.

कारागिराने गिटार हातात घेतली, उजेडाकडे तिरपी धरली आणि घोडीखाली पातळ पट्टी घालून पाहिली. पोरीचा जीव टांगणीला लागला होता.

"वेळेवर सैल केल्या तारा," तो म्हणाला. "पोट फाटलेलं नाही. चिकटवलेलं तेवढं सुटलंय. आणखी आठवडाभर तशीच ठेवली असती तर पाटीच वर उचलली असती."

त्याने जुना सरस खरवडला, नवा लावला आणि घोडी शिकंज्यात आवळून ठेवली. चार दिवसांनी यायला सांगितले.

त्या चार दिवसांत आजीने एक गोष्ट केली. तिच्या खोलीत कोपऱ्यात गवसणी घातलेला एक तंबोरा होता. तिचे माहेर मिरज. सतारी आणि तंबोरे बनवणाऱ्यांचे गाव. तिथल्या सतारमेकर घराण्यांची कारागिरी एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. पंढरपूरच्या बाजूचे मोठे भोपळे सुकवून, त्यांना दांडी जोडून केलेली ती वाद्ये भारतभर जातात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. लग्नानंतर आजीने तो तंबोरा आगगाडीत मांडीवर घेऊन बंगळुरूला आणला होता. धाकटा गेल्यापासून तिनेही त्याची गवसणी काढली नव्हती.

आता तिने ती काढली. पोरीला म्हणाली, "तुझं ते गणित याला लावून दाखव बघू."

पोरीने फूटपट्टी लावली. तारेची मोकळी लांबी ९० सेंटीमीटर. आजीचा षड्ज काळी चार, म्हणजे सेकंदाला सुमारे २०८ कंपने. जोडाची पोलादी तार ०.३ मिलिमीटरची. हिशेब केला तर जोडाच्या एका तारेवर आठ किलोच्या आसपास ताण निघाला, आणि चारही तारा मिळून पंचवीसच्या घरात. खर्जाची तार तेवढी जाड आणि पितळेची. ती षड्जापेक्षा एक सप्तक खाली. तिथे जोडाचीच तार घातली असती तर ताण दोन किलोवर आला असता आणि खर्ज बोललाच नसता.

"म्हणजे तुझ्या गिटारसारखंच," आजी म्हणाली. "आमचे बुवा सांगायचे, खुंटी पिळताना कानानं ऐकायचं, पण हातालाही विचारायचं. हात सांगतो किती झालं ते. आणि वाजवायचं नसेल तेव्हा महिनोन्महिने तारा चढवून ठेवायच्या नाहीत. लाकूडही थकतं गं."

बाबा दारात उभे होते. त्यांच्या हातात पुढच्या महिन्याच्या क्लासचे वेळापत्रक होते. चाचण्या आठवड्यातून एकाच्या दोन होणार होत्या. ते काही बोलले नाहीत. पण तपासणी खात्यात एवढी वर्षे काढलेल्या माणसाला एक गोष्ट चांगली माहीत असते. कोणताही भाग तपासताना पहिला प्रश्न 'हा किती ओढ घेईल?' असा नसतो. पहिला प्रश्न असतो, 'हा कोणत्या ओढीसाठी बनवलाय?' मग पोरीच्या बाबतीत त्यांनी हा प्रश्न कधी विचारला होता का? गुण बरोबर येत होते, ट्यूनरचा हिरवा दिवा लागत होता. पण गेल्या चार महिन्यांत पोरगी जेवताना गप्प असते, रात्री दचकून उठते, हे तिच्या आईने दोनदा सांगितले होते. त्यांनी ते ऐकले होते, मोजले नव्हते.

रात्री जेवण झाल्यावर ते बायकोला म्हणाले, "संध्याकाळचा दुसरा क्लास बंद करू या."

"अहो, पण फी भरलीय ना?"

"भरलीय. तारांचेही पैसे दिलेच होते की आपण!"

ती हसली आणि मग काही बोलली नाही. पोरीला हे दुसऱ्या दिवशी कळले. तिने बाबांकडे पाहिले आणि विचारले, "म्हणजे अभ्यास नाही करायचा?"

"करायचा तर. तार अगदीच सैल सोडली तर तीही वाजत नाही. पहाटेचा क्लास राहील. संध्याकाळ तुझी."

चार दिवसांनी गिटार घरी आली. या वेळी पाकीट नायलॉनचे होते आणि ते आणायला बाबा स्वतः गेले होते. पोरीने एकेक तार चढवली, सगळ्या थोड्या थोड्या, आलटून पालटून. स्वर लागला, उतरला, पुन्हा लावला, पुन्हा उतरला. तिसऱ्या दिवशी कुठे तारा ठरल्या. आवाज पोलादासारखा खणखणीत नव्हता. मऊ होता, जरा खोल होता.

आजी स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. पंधरा वर्षांत त्या घरात तो आवाज आला नव्हता.

"हाच," ती म्हणाली. "असाच वाजायचा."

तारा पोलादाच्या असताना तिने तीन दिवस गिटार ऐकली होती, पण असे काही म्हणाली नव्हती. त्या शनिवारी तिने खुर्ची ओढली नाही. कपाटावर पुसण्यासारखे काही उरलेच नव्हते. खोळ घडी करून फडताळात गेली होती, आणि गिटार ओट्यावर पोरीच्या मांडीवर होती. आत तंबोऱ्याच्या खुंट्या पिळल्याचा आवाज येत होता. आजी गिटारच्या स्वराला आपला षड्ज जुळतो का ते पाहत होती.